आखेनहून हद्द ओलांडली की नेमके काय बदलते?

उंबरठा यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या आठ महिन्यांपासून मी नोकरीनिमित्त जर्मनीतल्या आखेन शहरात राहते. इथून नेदरलँड्समधले फाल्स हे गाव सायकलने अर्ध्या तासाच्या आत येते आणि बेल्जियमची हद्दही फार लांब नाही. फाल्सजवळच्या ज्या टेकडीवर तिन्ही देशांच्या सीमा मिळतात तिची उंची सुमारे ३२२ मीटर आहे, आणि युरोपातल्या नेदरलँड्समध्ये तिच्याहून उंच जागा नाही, यावरून त्या देशाच्या सपाटपणाची कल्पना यावी. रविवारी तिथे जाण्याची मला सवय लागली आहे. प्रत्येक फेरीत काही ना काही वेगळे दिसते आणि ते मी एका वहीत टिपून ठेवते.

पहिली गोष्ट खिडक्यांची. माझ्या आखेनमधल्या गल्लीत अंधार पडला की घराघरांची शटर्स खडखडत खाली येतात आणि रस्ता डोळे मिटल्यासारखा दिसतो. फाल्समध्ये त्याच वेळी पडदे उघडे असतात, आत दिवा लागलेला असतो, माणसे जेवत असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांच्या टेबलावरची फुलदाणीसुद्धा दिसते. दुसरी गोष्ट रविवारची. आखेनमध्ये त्या दिवशी दूध संपले तर रेल्वे स्थानक गाठावे लागते, आणि हद्दीपलीकडच्या दुकानात मात्र आखेनच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग लागलेली असते. तिसरी गोष्ट सुट्या नाण्यांची. तिथे रोख पैसे दिले तर एक-दोन सेंट परत मिळत नाहीत, आणि कित्येक दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत.

माझी फजिती झाली ती रिकाम्या डब्यांमुळे. फाल्समध्ये घेतलेल्या पेयांचे सहा डबे मी आखेनच्या दुकानातल्या यंत्रात परत करायला गेले. यंत्राने पहिला डबा आत ओढला, दोनदा गरगर फिरवला आणि तसाच माझ्याकडे परत ढकलला. मला वाटले डबा उलटा टाकला असेल, म्हणून मी सहाही डबे चारी बाजूंनी घालून पाहिले. मागे उभ्या असलेल्या आजोबांनी शेवटी एक डबा हातात घेतला, चष्मा वर करून त्यावरची खूण पाहिली आणि ‘डच’ एवढा एकच शब्द उच्चारला.

माझे विचारणे असे आहे, की हे फरक खरोखर दोन समाजांच्या स्वभावातले आहेत, की त्यांच्यामागे कायदे आणि व्यवस्था आहेत? शिवाय दोन व्यावहारिक शंका आहेत. पुढच्या शनिवारी नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त शहरात राहणाऱ्या एका डच सहकारी मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावले आहे, तिथे काय सांभाळावे? आणि फाल्समध्ये घर भाड्याने घेऊन आखेनमध्ये नोकरी करावी, असे काही जण सुचवतात, ते कितपत शहाणपणाचे आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नदीकाठचा यांचे उत्तर

आपण वही ठेवता हे उत्तम करता, कारण वर्षभरानंतर यातले काहीच डोळ्यांना खटकत नाही. मी आखेनमध्ये नऊ वर्षे काढली आणि आता पाच वर्षांपासून मास्त्रिख्तमध्ये राहतो. आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तुमच्या वहीतल्या बहुतेक नोंदींच्या मुळाशी एखादा नियम सापडतो. स्वभाव त्या नियमाच्या अंगाने वाढत जातो.

रविवारचेच पाहा. जर्मनीच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेने रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षित केला, आणि १९४९ साली जर्मनीची आजची राज्यघटना लिहिताना ते कलम जसेच्या तसे तिच्यात घेण्यात आले. त्यामुळे दुकाने बंद असणे हा तिथल्या दुकानदारांचा आळस नसून घटनेचे पालन आहे. बर्लिनने ख्रिसमसपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवायची मुभा दिली, तेव्हा २००९ साली घटना न्यायालयाने ती रद्द ठरवली. नेदरलँड्सने हाच निर्णय २०१३पासून पूर्णपणे नगरपालिकांवर सोपवला, म्हणून तिथे बहुतेक शहरांत रविवारी बाजार भरलेला असतो, आणि काही कर्मठ प्रॉटेस्टंट गावांत मात्र चिटपाखरू दिसत नाही. ३ ऑक्टोबर किंवा १ नोव्हेंबर या जर्मन सुट्यांच्या दिवशी मात्र मास्त्रिख्त, रूरमोंड आणि फेन्लो या गावांत खरेदीला जाण्याचा बेत चुकूनही करू नये, कारण जर्मनीचा शेजारचा अर्धा ऱ्हाइनलँड प्रदेश तिथे लोटलेला असतो. उलट २७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस नेदरलँड्समध्ये सार्वजनिक सुटीचा असतो, आणि त्या दिवशी सकाळी तिथल्या बँकेला फोन लावणाऱ्या आखेनकराला तो कोणी उचलत का नाही, हे कळत नाही. तो आखेनकर मी होतो.

सेंटांचा हिशोब असा आहे: नेदरलँड्समध्ये २००४पासून रोख व्यवहाराची एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांशी जुळवली जाते, जर्मनीत मात्र शेवटचा सेंटही मोजून हातावर ठेवतात. डब्यांचे कारण तर याहून साधे आहे. दोन्ही देशांत अनामत रक्कम घेतात, पण त्या दोन वेगवेगळ्या तिजोऱ्या आहेत. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर किंवा डब्यावर २५ सेंट घेतात. नेदरलँड्समध्ये लहान प्लास्टिक बाटल्यांवर जुलै २०२१पासून आणि डब्यांवर एप्रिल २०२३पासून १५ सेंट घेतले जातात. तुमचे १५ सेंट डच तिजोरीत जमा होते, मग जर्मन यंत्राने ते का द्यावेत?

आता एक असा फरक सांगतो, जो तुमच्या वहीत अजून आलेला दिसत नाही आणि जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पत्ता. जर्मनीत एका घरक्रमांकाखाली दहा कुटुंबे राहतात आणि सदनिकेला सहसा क्रमांक नसतो, त्यामुळे घंटेवर आणि टपालपेटीवर आडनाव नसेल तर तुम्ही टपाल खात्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसता. मी आखेनला आलो तेव्हा माझे बँकेचे कार्ड दोनदा परत गेले, कारण पेटीवर आधीच्या भाडेकरूचेच नाव राहिले होते. नेदरलँड्समध्ये चार आकडे, दोन अक्षरे आणि घरक्रमांक एवढ्यावर पत्ता पुरा होतो. तिथे नाव कोणी पाहत नाही, दाराच्या फटीतून पत्र आत पडते. डच माणूस जर्मनीत राहायला आला की पहिल्या महिन्यात त्याची पत्रे हरवतात, आणि जर्मन माणूस तिकडे गेला की दारावर नावाची पाटी लावून ‘आता सगळे रीतसर झाले’ असे समजतो.

पैशांच्या बाबतीतही तेच. जर्मन उपाहारगृहात वाढपी ‘एकत्र की वेगवेगळे?’ असे विचारतो आणि वेगवेगळे म्हटल्यास प्रत्येकाची कॉफी आणि प्रत्येकाचे पाणी आठवून हिशोब करतो. त्याचे ते पाठांतर पाहण्यासारखे असते. नेदरलँड्समध्ये एकजण कार्डाने सगळे बिल भरतो, आणि आपण घरी पोहोचण्याच्या आत आपल्या वाट्याची मागणी फोनवर येऊन थडकते. २०१६ साली निघालेल्या ‘टिकी’ नावाच्या सेवेने ही पद्धत इतकी रुजवली, की आता ते नावच क्रियापदासारखे वापरतात. मला सुरुवातीला अडीच युरोंची मागणी आली तेव्हा राग आला होता. हळूहळू लक्षात आले, की त्यात कोणाचा कंजूषपणा नाही. उधारी मनात ठेवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आजारपणाबद्दल सावध करतो. जर्मनीत तीन दिवसांपेक्षा अधिक आजारी असाल तर डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि मालक तो पहिल्या दिवसापासूनही मागू शकतो. नेदरलँड्समध्ये कुटुंबाचे डॉक्टर असा दाखला देतच नाहीत, कंपनीचा वेगळा डॉक्टर असतो आणि आजार कोणता हे विचारायचाही मालकाला अधिकार नाही. मात्र तिथे विशेषज्ञांकडे थेट जाता येत नाही. आधी कुटुंबाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून मदतनीस बाईंच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, आणि बहुधा पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहण्याचा सल्ला मिळतो. जर्मनीत कानाच्या डॉक्टरांकडे स्वतःहून जायची सवय झालेल्या माणसाला हे सोसणे जड जाते.

जोडगाव यांचे उत्तर

वरील उत्तरातली माहिती बरोबर आहे, परंतु प्रत्येक गोष्टीला कायद्याची खुंटी शोधण्याचा जो कल त्यात दिसतो तो मला पटत नाही. उघड्या खिडक्यांमागे कोणता कायदा आहे? त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की कॅल्व्हिनपंथी, म्हणजे कडक प्रॉटेस्टंट लोकांना आपल्याकडे लपवण्यासारखे काही नाही हे दाखवायचे असते. पण फाल्स, मास्त्रिख्त आणि सबंध डच लिम्बुर्ग प्रांत परंपरेने कॅथलिक आहे. तरीही पडदे उघडेच असतात. म्हणजे नियमही नाही आणि धर्मही नाही; शेजारी उघडे ठेवतो म्हणून आपणही ठेवतो, एवढेच कारण शिल्लक राहते, आणि ते पुरेसे आहे असे मला वाटते.

मी आखेनजवळच्या हेर्त्सोगेनराथ या जर्मन गावात राहते. आमच्या गावाचा आणि पलीकडच्या केर्कराडेचा एक रस्ता सामाईक आहे. त्याच्या एका बाजूची घरे जर्मनीत आणि दुसऱ्या बाजूची नेदरलँड्समध्ये आहेत. पूर्वी त्या रस्त्याच्या मधोमध सीमेची बुटकी भिंत होती, ती १९९०च्या दशकात काढून टाकण्यात आली. माझ्या घरासमोर राहणाऱ्या वृद्ध बाई डच आहेत आणि माझ्या शेजारचे आजोबा जर्मन. ते दोघे आपापल्या दारात उभे राहून ज्या बोलीत गप्पा मारतात, ती ना आमच्या वर्गात शिकवलेली जर्मन असते ना डच. कार्निव्हलचा सण आला की दोन्हीकडे तीच वेडी मिरवणूक निघते, तर नेदरलँड्सच्या उत्तर भागातल्या लोकांना तो प्रकार परकाच वाटतो. म्हणून ‘डच असे’ आणि ‘जर्मन तसे’ असे लिहिताना आपण कोणत्या भागातल्या माणसांबद्दल बोलतो, हे वहीत नोंदवावे.

मात्र भाषेच्या बाबतीत जपावे, अशी माझी खास सूचना आहे. दोन्ही भाषा सारख्या वाटतात तिथेच पाय घसरतो. डचमध्ये ‘बेलेन’ म्हणजे फोन करणे, जर्मनमध्ये तोच शब्द कुत्र्याच्या भुंकण्यासाठी आहे. डच ‘मेअर’ म्हणजे तळे आणि जर्मन ‘मेअर’ म्हणजे समुद्र. माझ्या मुलाला पलीकडच्या बाईंनी कौतुकाने ‘स्लिम’ म्हटले, म्हणजे हुशार. त्याला तो जर्मन ‘श्लिम’ वाटला, म्हणजे वाईट, आणि तो दिवसभर फुगून बसला. एका बाबतीत मात्र आपल्याला दोन्हीकडे सोपे जाते. दोन्ही भाषांत ‘पाच आणि वीस’ असे एकक आधी बोलतात. इंग्रजी मातृभाषेच्या माणसांना ते उलटे वाटते, ‘पंचवीस’ म्हणत वाढलेल्या आपल्याला त्यात काहीच नवे नाही.

संबोधनाचा मुद्दाही राहून गेला. जर्मन कार्यालयात, विशेषतः जुन्या वळणाच्या, पहिल्या दिवसापासून ‘अहो’च चालते, आणि ‘आता अरे-तुरे करू या’ हा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने ठेवायचा असतो. डच कार्यालयात त्या पायऱ्या कधी संपल्या हे कळतही नाही. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ जपणाऱ्या माणसाला जर्मन पद्धत चटकन उमगते. डच साहेबाला नावाने हाक मारताना मात्र माझी जीभ अजूनही अडखळते.

लिएजकर यांचे उत्तर

तिन्ही देशांच्या सीमेचा विषय असताना बेल्जियमकडे सगळ्यांनीच काणाडोळा केला, म्हणून थोडे लिहितो. आमच्याकडे रोख रक्कम पाच सेंटांशी जुळवणे डिसेंबर २०१९पासून कायद्याने सक्तीचे आहे. डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर, मी हे लिहीत असताना, अनामत नाही. ते निळ्या पिशवीत घालून कचऱ्यात द्यायचे. फ्रेंच शिकून आलेल्यांना इथे सत्तरसाठी ‘सेप्तांत’ आणि नव्वदसाठी ‘नोनांत’ ऐकून धक्का बसतो, कारण फ्रान्समध्ये त्या जागी ‘साठ-दहा’ आणि ‘चार-वीस-दहा’ असा हिशोब करायला लावतात. ऐंशीला मात्र आम्हीही ‘चार-वीस’च म्हणतो, अर्धी सुधारणा का केली, हे विचारू नये.

नियमावली यांचे उत्तर

फाल्समधल्या घराबाबत कोणीच उत्तर दिलेले नाही, म्हणून ते मी देतो, कारण तिथली चूक डब्यांच्या चुकीइतकी स्वस्तात सुटणार नाही.

आखेनमध्ये नोकरी करून फाल्समध्ये राहणारे पुष्कळ लोक आहेत, परंतु ते जर्मन, डच किंवा युरोपीय संघातल्या अन्य देशांचे नागरिक असतात. त्यांना राहण्याचे स्वातंत्र्य नागरिकत्वामुळे मिळालेले आहे. भारतीय पासपोर्टवर जर्मन निवासपरवाना असेल, तर त्याच्या आधारे आपण नेदरलँड्समध्ये १८० दिवसांच्या काळात ९० दिवस पाहुणे म्हणून राहू शकता. तिथे बिऱ्हाड करता येत नाही. त्यासाठी डच निवासपरवाना वेगळा मिळवावा लागतो, आणि तो मिळाल्यावर जर्मनीत काम करण्यासाठी सीमापार ये-जा करणाऱ्यांचे जर्मन कार्ड काढावे लागते. शिवाय आपला जर्मनीतला परवाना आपण जर्मनीत राहता या गृहीतकावर उभा आहे. मुक्काम हलवल्यास तो धोक्यात येतो आणि पुढे कायम वास्तव्यासाठी मोजली जाणारी वर्षेही हातची जातात. भाड्यात वाचणाऱ्या रकमेसाठी हा व्याप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट, रविवारी फाल्सला जाताना पासपोर्ट आणि निवासपरवान्याचे मूळ कार्ड जवळ ठेवावे. फोनमधले छायाचित्र पुरत नाही. शेंगेन करारानुसार या सीमांवरची तपासणी २६ मार्च १९९५ रोजी उठली हे खरे, पण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४पासून आपल्या सर्व भूसीमांवर आणि नेदरलँड्सने ९ डिसेंबर २०२४पासून आपल्या बाजूने तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली. सगळ्यांना थांबवतात असे नाही, परंतु थांबवले तर कागद दाखवता आले पाहिजेत.

मोटारीने जाणार असाल तर आणखी एक सूचना. मार्च २०२०पासून बहुतेक डच महामार्गांवर सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. जर्मन महामार्गावरच्याच वेगात पुढे गेल्यास काही आठवड्यांनी घरी दंडाचे निळसर-पांढरे पाकीट येते की आणखी कोणत्या रंगाचे, हे अनुभवाने ठरवण्याची गरज नाही.

उंबरठा यांचे पुन्हा लेखन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फाल्समधल्या घराचा विचार मी सोडून दिला आहे. ‘जोडगाव’ताईंच्या सूचनेप्रमाणे वहीत आता प्रत्येक नोंदीपुढे गावाचे नाव लिहिते.

शनिवारचा वाढदिवस पार पडला. वाढदिवसाला काय सांभाळावे हे कोणीच सांगितले नव्हते, म्हणून पुढे येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. दार उघडताच मैत्रिणीच्या आईने माझा हात हातात घेऊन माझेच अभिनंदन केले, मग मावशीने केले, मग एका अनोळखी गृहस्थांनी केले. मला वाटले माझ्या नोकरीतल्या बढतीची बातमी कोणीतरी फोडली. पाचव्या अभिनंदनानंतर उलगडा झाला, की तिथे ज्याचा वाढदिवस असतो त्याच्याबरोबर त्याच्या सगळ्या गोतावळ्याचेही अभिनंदन करण्याची रीत आहे. खुर्च्या भिंतीला लागून गोलाकार मांडलेल्या होत्या आणि सगळे जण केकची बशी मांडीवर घेऊन दोन तास त्याच वर्तुळात बसून होते. आखेनमध्ये मागच्या महिन्यात मी आमच्या साहेबांना एक दिवस आधीच शुभेच्छा दिल्या होत्या, तेव्हा खोलीत जी शांतता पसरली तिचा अर्थही याच घरात कळला. जर्मनीत वाढदिवसापूर्वी शुभेच्छा देणे अशुभ मानतात, हे मैत्रिणीच्या आईने हसत हसत सांगितले.

त्यांच्या स्वच्छतागृहाच्या दाराआड एक दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर ना साल होते ना वार, फक्त तारखा आणि त्यांच्यापुढे वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली नावे. मी बाहेर आल्यावर त्याबद्दल विचारले, तर मैत्रिणीने माझी जन्मतारीख विचारून घेतली आणि पेन शोधत आत गेली.

बाकी, सायकलला आता मी दोन पिशव्या बांधल्या आहेत, एक फाल्सच्या डब्यांसाठी आणि एक आखेनच्या.